कपबशा बघायला तिकीट काढून जायचं?

प्रश्न : मुलगा मँचेस्टरला असतो, आम्ही दोघं जूनमध्ये त्याच्याकडे जातोय. तो म्हणतो स्टोक-ऑन-ट्रेंटला चिनी मातीच्या भांड्यांची जुनी फॅक्टरी आहे, आता म्युझियम केलंय, तिथे जाऊ. नुसत्या कपाटातल्या कपबशाच बघायच्या असतील तर एक दिवस घालवावा का? आणि हिची शंका, बोन चायनात खरंच हाडं असतात का हो? आमच्याकडे शुद्ध शाकाहारी कारभार आहे.

उत्तर : जा हो, नक्की जा. मुलगा म्हणतोय ती बहुतेक स्टोकच्याच लाँग्टन भागातली ग्लॅडस्टन पॉटरी असणार. तिथे कपबशा दुय्यम, खरी गंमत भट्ट्यांची. विटांच्या, बाटलीच्या आकाराच्या, घरापेक्षा उंच. एकेकाळी स्टोकमध्ये अशा 2000 च्या वर होत्या म्हणतात, आता पन्नासेक पण उरल्या नाहीत. 1956 साली हवा स्वच्छ ठेवायचा कायदा आला, गॅस आणि विजेच्या भट्ट्या आल्या आणि कोळशाच्या भट्ट्यांचा धंदा आटोपला. ग्लॅडस्टनच्या भट्ट्या 1960 मध्ये थंडावल्या, पुढे सगळं पाडायचंच चाललं होतं, पण वाचवलं कोणीतरी आणि सत्तरच्या दशकात म्युझियम झालं.

भट्टीच्या आत चालत जाता येतं, ते चुकवू नका. बाहेरची बाटली म्हणजे नुसतं धुराडं, खरी भट्टी तिच्या पोटात असते. आपल्याकडे कुंभार आवा लावतो त्यात भांडी आणि जळण एकत्रच रचतात, इथे धूर लागून माल काळा पडू नये म्हणून भांडी आधी जाड मातीच्या डब्यात, सॅगरमध्ये, ठेवायची, ते डबे माणसं डोक्यावर घेऊन शिडीवर चढायची आणि छतापर्यंत चळती लावायची, मग दार विटांनी बंद आणि दोन-तीन दिवस जाळ, एका वेळेला दहा टनांच्या वर कोळसा. सॅगरचा तळ लोखंडी कड्यात माती ठोकून करायचा, ते काम बहुतेक वेळा पोराटोरांकडे असायचं. धुळीने छाती जायची, ग्लेझमधल्या, म्हणजे भांड्यावरच्या चकाकीच्या लेपातल्या, शिशाने विषबाधा व्हायची, तेही तिथे लपवलेलं नाही, हे मला आवडलं.

जुन्या टॉयलेटांचं वेगळं दालन आहे, हसू नका, बघा. टीव्हीवरच्या कुंभारकामाच्या स्पर्धेचं शूटिंगही इथेच होतं म्हणून हल्ली गर्दी वाढलीये. अंगण दगडगोट्यांचं आहे, गुडघे दुखत असतील तर बूट चांगले घाला. मँचेस्टरहून स्टोक ट्रेनने पाऊण तास, पुढे लाँग्टन. रोज उघडं नसतं, वार बघूनच निघा.

आता वहिनींची शंका. हो, असतात. बोन चायनात साधारण निम्मा भाग गुरांच्या हाडांची राख असते, बाकी केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, आणि एक प्रकारचा दगड. भाजून झाल्यावर हाड म्हणून काही उरत नाही हे खरं, पण मनाला पटणार नसेल तर घेऊ नका. त्यापेक्षा स्टोकच्याच बर्स्लेम भागातल्या मिडलपोर्ट पॉटरीत जा, 1880 च्या दशकातली ही फॅक्टरी अजून चालू आहे, तांब्याच्या रोलरवरची निळी नक्षी पातळ कागदावर उतरवून बायका तो कागद हाताने भांड्यावर चिकटवतात. त्यांचा बर्ली नावाचा माल अर्दनवेअर, म्हणजे साध्या भाजलेल्या मातीचा आहे, बोन चायना नाही. फक्त परतीच्या बॅगेचं वजन आधी मुलाला विचारा.