भाडं ठरवायच्या आधी त्या घराचा माळा बघा

दादा, तुमचा प्रश्न वाचला. सप्टेंबरात इंग्लंडमधल्या लीड्सला नोकरीवर रुजू व्हायचंय, वहिनी आणि तीन वर्षांची मुलगी बरोबर येणार, आणि दोन घरांत अडलंय. एक शंभर वर्षांवरचं विटांचं, दुसरं अलीकडच्या बांधणीचं. जुन्याचं भाडं महिन्याला 35 पाउंड कमी. कोल्हापुरातला, राजारामपुरीतला तुमचा मित्र म्हणतो, स्वस्तातलं घ्या, हीटर असतोच की. मी मंगळवार पेठेतली, लीड्समध्ये अकरावं वर्ष. सध्या आईकडं आलेय, वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मित्राच्या सांगण्यावर लगेच होय म्हणू नका.

आपल्याकडं थंडी म्हणजे पहाटे वाकळ जरा वर ओढायची, रंकाळ्यावर फिरायला जाताना कानटोपी घालायची. घर तापवावं लागतं हे आपल्या डोक्यातच नसतं. तिकडं ऑक्टोबर ते एप्रिल तेच काम. आणि छपरातनं, भिंतीतनं जेवढी ऊब बाहेर जाते तेवढी बॉयलरला, म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते घरभर फिरवणाऱ्या यंत्राला, परत भरावी लागते. काहीच इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, नसलेल्या घरात साधारण तिसरा हिस्सा भिंतींतून जातो, चौथा हिस्सा छपरातून. उरलेली खिडक्या, दारं, जमीन आणि फटींतून.

आमचं पहिलं घर तुमच्या त्या जुन्या घरासारखंच होतं. संध्याकाळी दोन तास रेडिएटर, म्हणजे त्या गरम पाण्यानं तापणारे भिंतीलगतचे पत्रे, चालू ठेवायचे, बंद केले की तासाभरात पाय गार. डिसेंबरातल्या एका सकाळी दूध आणायला बाहेर पडले, तर सगळ्या गल्लीची छपरं हिमकणांनी पांढरी आणि आमचं एकट्याचं काळं, ओलं. आमच्या गॅसचे पैसे छपरावरचा बर्फ वितळवत होते. नंतर मालकाला सांगून माळ्याचं झाकण उघडायला लावलं. शिडीवर चढून बॅटरी मारली, तर तुळयांमध्ये ऊब अडवायला घातलेली पिवळट लोकर दबून बोटभर उरलेली. तिथं 270 मिलिमीटर हवी, म्हणजे जवळजवळ वीतभर आणि वर चार बोटं. 100 मिलिमीटर तुळयांच्या मधे आणि 170 त्यावर आडवी. चांगली जाड वाकळच म्हणा ना. फक्त ती दाबायची नाही, कारण अडकलेली हवाच ऊब धरते, आणि छपराच्या कडेला हवा खेळायला जागा सोडायची. वरचा माळा मग जास्त गार पडतो, म्हणून तिथल्या पाण्याच्या नळांनाही वेष्टण लागतं. नाहीतर नळ गोठून फुटतात.

भिंतींचं जरा वेगळं आहे. साधारण 1920 नंतरच्या घरांत दोन भिंती आणि मधे पोकळी असते. बाहेरून बारीक भोकं पाडून त्या पोकळीत लोकर किंवा थर्माकोलचे मणी भरतात, एका दिवसात काम उरकतं. त्याआधीच्या घरांची भिंत भरीव, तिला आतून किंवा बाहेरून जाड थर लावावा लागतो. ते खर्चिक, आणि भाड्याच्या घरात मालक सहसा करत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. सगळ्या विटा लांबीच्या बाजूनं दिसल्या तर बहुतेक पोकळीची भिंत. मधेमधे विटेचं आखूड तोंड दिसलं तर भरीव. घराचे फोटो आले असतील तर आत्ताच मोठे करून बघा.

आणि एक काम इथं बसूनच करा. इंग्लंडमध्ये भाड्यानं द्यायच्या घराला ईपीसी, म्हणजे घर किती ऊर्जा खातं हे सांगणारं सर्टिफिकेट लागतं, ए पासून जी पर्यंत श्रेणी, ए सगळ्यात चांगली. मोजके अपवाद सोडले तर ई च्या खालचं घर भाड्यानं देता येत नाही. पोस्टकोड टाकला की सरकारी वेबसाइटवर ते फुकट दिसतं. श्रेणीवर थांबू नका, खाली छप्पर, भिंत, खिडक्या, हीटिंग यांच्या ओळी वाचा. तारीखही बघा, ते 10 वर्षं चालतं. घर विजेवर तापत असेल तर सावध व्हा, साध्या इलेक्ट्रिक हीटरचं युनिट गॅसच्या साधारण चौपट पडतं. ओळीतलं मधलं घर असेल तर बरं, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची ऊब मिळते.

आता माझी चूक सांगते, ती तुम्ही करू नका. पहिल्या हिवाळ्यात थंडीला घाबरून मी खिडक्यांवरच्या हवेच्या झडपा चिकटपट्टीनं बंद केल्या. रोज भात, आमटी, रविवारी रस्सा, वर घरातच वाळत घातलेले कपडे. ती सगळी वाफ गार भिंतीवर जाऊन बसली. फेब्रुवारीत कपाट सरकवलं तर मागं काळी बुरशी, आणि महाद्वार रोडवरनं हौसेनं नेलेल्या कोल्हापुरी चपलांवर हिरवट लव. धाकट्याचा खोकला महिनाभर हटला नाही. दारांखालच्या, पत्रपेटीच्या फटी जरूर बुजवा, पण झडपा उघड्या ठेवा, स्वयंपाक करताना वाफ बाहेर फेकणारा पंखा लावा. लहान मुलगी आहे म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

हिशोब बघा. त्या पहिल्या घरात आम्हाला वर्षाला गॅसची 17,000 युनिटं लागली (युनिट म्हणजे किलोवॉट-तास, आपल्या विजेच्या बिलातलंच). आता 1930 च्या सुमाराच्या स्वतःच्या घरात, माळा आणि भिंती भरून घेतल्यावर, 9,000. फरक 8,000 युनिटांचा, युनिटाला साधारण सहा पेन्स धरले (शंभर पेन्सचा एक पाउंड) तर 480 पाउंड. तुमच्या भाड्यातला फरक वर्षाला 420 चा. शिवाय एक युनिट गॅस जाळला की साधारण 180 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे 8,000 युनिटांचा जवळजवळ दीड टन. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मी तिकडून रात्र रात्र फोन लावत होते. पुराला कारणं बरीच असतात, पण तापत्या हवेत आपल्या घराचा दीड टन कमी करता येत असेल तर तो मला करायचाच होता.

म्हणून माझं मत नव्या घराच्या बाजूनं. जुन्याचं भाडं शंभरेक पाउंडांनी कमी असतं तर मी वेगळं बोलले असते. त्याच्या मालकाला दोनच गोष्टी विचारा: माळ्यावर लोकर किती जाड आहे, आणि मागच्या जानेवारीचं गॅसचं बिल किती आलं. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर तिथंच सोडून द्या. दोन्ही पोस्टकोड मला पाठवलेत तर सर्टिफिकेट वाचून सांगते, मी महिनाअखेरपर्यंत इथंच आहे.