माल्टाजवळच्या गोझो बेटावर आपल्या सह्याद्रीसारख्या सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतात. म्हणजे तेही लाव्हापासून बनलेलं आहे का?

नाही. गोझोवर लाव्हाचा एक थेंबही नाही. फोटोत फसायला होतं हे मात्र खरं, कारण कठीण थर वर आणि मऊ थर खाली असला की माथे तसेच सपाट राहतात, मग खडक कोणताही असो. मी भूशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने तिथे गेल्यावर देवळांआधी कडेच बघत बसले.

सिसिलीच्या दक्षिणेला असलेलं हे जेमतेम 67 चौरस किलोमीटरचं बेट म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे. ऑलिगोसीन कालखंडाच्या अखेरीपासून पुढच्या मायोसीनपर्यंत, म्हणजे दोनअडीच कोटी वर्षांपूर्वीपासून तो साचत गेला आणि पुढे भूपट्टांच्या रेट्याने वर आला. सगळ्यात खाली कठीण चुनखडी, जिच्यात अंगात चुना साठवणाऱ्या शैवालांचे अवशेष खच्चून भरलेत. दक्षिण किनाऱ्यावर ता चेंचचे उभे कडे तिचेच. तिच्यावर ग्लोबिजेरिना नावाच्या सूक्ष्म जिवांच्या कवचांची पिवळसर, मऊ चुनखडी. करवतीने सहज कापता येते म्हणून घरं, चर्च सगळं तिचंच. तिच्यावर निळसर करडी चिकणमाती, मग हिरवट वाळूचा एक किरकोळ थर आणि माथ्यावर पुन्हा कठीण चुनखडी.

माझ्या मते या बेटाची खरी मालकीण ती चिकणमाती आहे. पावसात ती भिजते, घसरते, वरच्या चुनखडीचा आधार जातो आणि तिचे घरंगळलेले धोंडे उतारावर पडून राहतात. कडा असा मागे सरकत जातो, पण माथा सपाटच राहतो. वर्षाला साधारण 550 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक हिवाळ्यात, आणि बारमाही नदी एकही नाही. तरी माथ्यावरच्या चुनखडीत मुरलेलं पाणी चिकणमातीपाशी अडतं आणि कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. माल्टाच्या मुख्य बेटापेक्षा गोझोवर ही माती जास्त उघडी पडली आहे, म्हणूनच ते जास्त हिरवं दिसतं. नादूरसारखी गावं पठारावर आणि पायऱ्यापायऱ्यांची शेतं खालच्या उतारावर, ही मांडणीही त्यातूनच आली.

गोझोवरची जिगन्तियाची प्राचीन दगडी देवळं इसवी सनपूर्व 3600 च्या सुमाराची. बांधणाऱ्यांना दगडांतला फरक पक्का ठाऊक असावा: बाहेरच्या भिंतींना कठीण चुनखडी, आतल्या घडीव कामाला मऊ.

पश्चिमेच्या द्वेरा भागात गोष्ट वेगळी आहे. तिथे जमिनीखालच्या चुनखडीत गुहा विरघळत गेल्या, छतं कोसळली आणि मोठे गोल खड्डे पडले. त्यातल्याच एकात बोगद्यातून समुद्राचं पाणी येतं. त्याला आतला समुद्र म्हणतात. शेजारची प्रसिद्ध दगडी कमान, अझ्युर विंडो, 8 मार्च 2017 ला वादळात पडली. जुन्या फोटोंवर भाळून तिच्यासाठी जाऊ नका.

चिकणमाती बघायची असेल तर नादूरखालच्या सान ब्लास किंवा जवळच्या रामला किनाऱ्यावर उतरा. तिथली वाळू तांबूस आहे, मागचे उतार करडे आणि त्यांच्यावर चुनखडीची कड, सगळं एका नजरेत येतं. पाऊस पडून गेला असेल तर त्या उतारांवर मात्र पाय ठेवू नका, बूट रुतून बसतो.