‘लाँग बॅरो’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी आहे: इंग्लंडमधल्या विल्टशायरातल्या ‘वेस्ट केनेट लाँग बॅरो’विषयी लिहिताना थडगे म्हणावे, समाधी, स्तूप की टेकडी?

आधी वस्तू पाहू. इ.स.पू. ३६५०च्या सुमारास रचलेला, जवळजवळ १०० मीटर लांबीचा हा उंचवटा. दोन्ही अंगांना चर खणून निघालेला खडूचा दगड त्यावर ओतला आहे. पूर्वेच्या टोकाला प्रचंड शिळांच्या पाच कोठड्या आहेत. शिळांमधल्या फटी चपटे दगड रचून बुजवल्या आहेत, चुना नाही की माती नाही, थेट कोकणातला गडगा. आत किमान ३६ जणांची हाडे होती, बरीचशी हलवलेली, एकमेकांत मिसळलेली.

म्हणून ‘थडगे’ नको, त्यात एकच माणूस दिसतो. ‘समाधी’ साधुपुरुषाची किंवा राजाची. ‘स्तूप’ म्हटले की बौद्ध परंपरा आलीच. ‘टेकडी’ निसर्गाची. ‘टेकाड’ सर्वांत जवळचा, पण आपल्याकडे पुरातत्त्वात ‘पांढरीचे टेकाड’ म्हणजे घरे पडत, राख-माती साचत वाढलेली जुनी वस्ती. हे तर मुद्दाम रचलेले. तेव्हा ‘दफनटेकाड’ हाच शब्द मला योग्य वाटतो. तो नपुंसकलिंगी चालवावा: ते दफनटेकाड, दफनटेकाडात, दफनटेकाडे.

खरी फसगत ‘लाँग’पाशी होते. ‘लांब दफनटेकाड’ लिहिले की वाचक ते दूर कुठेतरी आहे असे समजतो. ‘लांबट’ लिहा. त्यातून आकारच कळतो.

काळासाठी ‘नवाश्मयुगीन’ किंवा ‘नवपाषाणयुगीन’, दोन्ही चालतील. शिळा मोठ्या म्हणून ‘महाश्मयुगीन’ मात्र लिहू नये. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे त्या नावाने ओळखली जातात आणि ती लोहयुगातली, म्हणजे या टेकाडापेक्षा दोन हजारांहून अधिक वर्षांनी अलीकडची.

आणखी एक. कायद्याचे छत्र असेल तर ‘संरक्षित’, धक्का लागला नसेल तर ‘सुरक्षित’. हे टेकाड १८५९ साली उकरले गेले आणि १८८२च्या प्राचीन स्मारक कायद्याच्या पहिल्याच यादीत आले. संरक्षित आहे, पण इतकी वर्षे सुरक्षित राहिले असे म्हणता येणार नाही.

तर वाक्य असे होईल: ‘वेस्ट केनेट येथील संरक्षित, नवाश्मयुगीन लांबट दफनटेकाड’. पहिल्या उल्लेखात ‘लाँग बॅरो’ हे मूळ नावही द्यावे. पुढे नुसते ‘दफनटेकाड’ पुरे.