हार्वे मिल्क हे अमेरिकेतले पहिले उघडपणे समलिंगी लोकप्रतिनिधी होते का?

पहिले नव्हेत. १९७४ मध्येच मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर शहराच्या नगर परिषदेवर कॅथी कोझाचेन्को निवडून आल्या होत्या. त्या फारशा कुणाला आठवत नाहीत, हा भाग वेगळा. मिल्क यांचं सॅन फ्रान्सिस्कोत कॅमेऱ्याचं दुकान होतं, तेच प्रचार कार्यालय. तीनदा हरले, वॉर्डनिहाय मतदान आलं तेव्हा, १९७७ मध्ये शहराच्या नगर मंडळावर निवडून आले. समलिंगींबाबतच्या भेदभावाला बंदी घालणारा शहराचा कायदा आणला. (कुत्र्याची घाण मालकानेच उचलावी, हा नियमही त्यांचाच!) समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढू पाहणारा कॅलिफोर्नियातला प्रस्ताव पाडण्यासाठी राज्यभर फिरले. तो पडला आणि वीसच दिवसांनी, २७ नोव्हेंबर १९७८ला, माजी सहकारी डॅन व्हाइटने महापौर मॉस्कोनींना आणि मिल्क यांना गोळ्या घातल्या. दोन खून, शिक्षा सात वर्षं आठ महिने. निकालाच्या रात्री शहरात दंगल उसळली, पोलिसांच्या गाड्या जळाल्या.