ऑप्शनच्या आधीची रेघ: संयोगचिन्ह की अपसारणचिन्ह?

प्रश्न असा आहे: सॉफ्टवेअरच्या मराठी पुस्तिकेत ‘--हेल्प’सारख्या, कमांडला जोडायच्या ऑप्शनच्या आधीच्या रेघांना संयोगचिन्ह (हायफन) म्हणायचं की अपसारणचिन्ह (डॅश)? आणि छापून आल्यावर दोन रेघांची एकच लांब रेघ का होते? (इथे ऑप्शनची अक्षरं देवनागरीत दिली आहेत, पुस्तिकेत ती रोमनच हवीत.)

संयोगचिन्हच. कीबोर्डवर शून्याच्या शेजारच्या कळीचं हे चिन्ह. आस्की या अक्षरक्रमांकांच्या यादीत त्याचा क्रमांक ४५, युनिकोड या मोठ्या यादीत ००२डी. लिनक्सवरच्या नेहमीच्या कमांड ऑप्शन म्हणून एवढंच चिन्ह ओळखतात. लांब डॅश (युनिकोड २०१४), आखूड डॅश (२०१३), वजाचिन्ह (२२१२), इतकंच काय, युनिकोडमधलं स्वतंत्र हायफन (२०१०) हीसुद्धा त्यांच्या लेखी साधी अक्षरं. बोलताना सगळेच ‘डॅश डॅश हेल्प’ म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. पुस्तिकेत मात्र ‘हायफन’ लिहावं, कारण ‘डॅश’ वाचलं की पानं लावणारा डॅशच घालतो.

एवढ्याशा रेघेनं काय बिघडतं ते फाइली पुसणाऱ्या ‘आरएम -आय’ या कमांडमध्ये दिसतं. ‘-आय’मुळे प्रत्येक फाइल पुसण्याआधी विचारणा होते. वाचकानं पीडीएफमधून ही ओळ उचलली आणि तीत हायफनच्या जागी आखूड डॅश असला, तर आरएम ‘–आय’ हे फाइलचं नाव समजतो, अशी फाइल नाही असं सांगतो, आणि पुढच्या फाइली न विचारता पुसून टाकतो. ज्यानं काळजीपोटी ऑप्शन दिला त्याच्याच फाइली जातात.

रेघा जुळतात त्या वाटा ठरलेल्या आहेत. वर्डमध्ये ऑटोकरेक्ट दोन हायफनचा डॅश करतं. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेनं ‘ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप’पर्यंत जाऊन हायफनची खूण काढा; तिथेच वळणदार अवतरणचिन्हांचीही काढा, कारण कमांड वाचून चालवणाऱ्या शेलला सरळच लागतात. टेक या पानं जुळवणाऱ्या प्रणालीत (आणि तिच्यावरच्या लाटेकमध्ये) साध्या टंकात दोन हायफनचा आखूड डॅश होतो, तीनचा लांब. म्हणून ऑप्शन, मजकूर जसाच्या तसा छापणाऱ्या व्हर्बॅटिममध्ये टाका. मॅन पेज, म्हणजे लिनक्समधलं कमांडचं मदतपान, लिहिताना नुसतं हायफन न देता त्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर ते पान मांडणारा ग्रॉफ हा प्रोग्राम २०१० क्रमांकाचं हायफन काढू शकतो. फिरा कोडसारख्या टंकात मूळ अक्षरं शाबूत असतात, पण टंकातल्या जोडचिन्हांच्या (लिगेचर) सोयीमुळे दोन हायफन एकसंध दिसतात. छपाईपुरती ती सोय बंद करा. टंक निवडताना ‘एलएस -एल’ आणि ‘एलएस -१’ एकाखाली एक छापून बघा. पहिली फाइलींची सविस्तर यादी देते, दुसरी एका ओळीत एक नाव, आणि कुरियरमध्ये रोमन एल आणि एक यांत फरक करताना डोळे ताणावे लागतात.

ओळ तुटण्याचा त्रास वेगळा. ‘--ड्राय-रन’ ओळीच्या शेवटी ‘--ड्राय-’ असं तुटलं, तर ते हायफन ऑप्शनचं की ओळ तोडताना आलेलं, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. अख्खा ऑप्शन न तुटणारा ठेवा: पानमांडणीच्या इनडिझाइनमध्ये ‘नो ब्रेक’, लाटेकमध्ये एमबॉक्स. न तुटणारं हायफन (२०११) घालू नका. दिसायला ते बरोबर असतं, पेस्ट केल्यावर चालत नाही.

आता खास मराठीतली अडचण, विभक्तिप्रत्यय. ‘-आरने’ असं जोडून छापलं की ‘ने’ कुठून सुरू झाला ते डोळ्याला शोधावं लागतं. ‘-आर या ऑप्शनने’ असं लिहावं. शब्द वाढतात, पण ऑप्शन सुटा राहतो. वाक्याच्या शेवटी ऑप्शन येऊच देऊ नये, कारण पूर्णविराम हा कमांडचाच भाग वाटतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हे बहुतेकदा आपोआप साधतं.

जिथे वाचकानं स्वतःचा मजकूर घालायचा, ती जागा इंग्रजी पुस्तिका तिरक्या टंकात दाखवतात. देवनागरी तिरकी केली की वाईट दिसते, आणि कोनी कंस द्यावेत तर शेलमध्ये त्यांना स्वतःचा अर्थ आहे. वाचकानं ते जसेच्या तसे टाइप केले की चूक येते. माझ्या मते कमांड आणि ऑप्शन ठळक रोमनमध्ये, आणि बदलायची जागा साध्या देवनागरीत ‘फाइलचं नाव’ अशी छापावी. लिपी बदलली की काय जसंच्या तसं टाइप करायचं आणि काय बदलायचं हे लगेच कळतं. सुरुवातीच्या पानावर हा संकेत एका ओळीत सांगून टाका.

छपाईला देण्याआधी वर्डच्या फाइंडमध्ये ^= टाकून आखूड आणि ^+ टाकून लांब डॅश शोधा, आणि अंतिम पीडीएफमधली प्रत्येक कमांड, कामाच्या फाइली नसलेल्या फोल्डरमध्ये, टर्मिनलवर पेस्ट करून चालवून बघा.