विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे, तीच ड्राइव्ह कायमची कशी पुसायची?

तुम्हाला लॅपटॉप विकायचा आहे, आत एकच ड्राइव्ह आहे आणि विंडोज त्यातच आहे. सी ड्राइव्ह फॉरमॅट करू म्हटलं की विंडोज नकार देतं. ते बरोबरच आहे. ज्या फायलींवर ते त्या क्षणी चालतंय, त्या ते स्वतः पुसू शकत नाही. म्हणून लॅपटॉप बाहेरून, म्हणजे पेन ड्राइव्हवरून सुरू करावा लागतो. पण त्याआधी आत नेमकी कोणती ड्राइव्ह आहे ते बघा, कारण पुसायची पद्धत त्यावर ठरते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये 'डिस्क ०' खाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी ते दिसेल.

एचडीडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांची जुनी डिस्क असेल तर काम सोपं पण वेळखाऊ आहे. फॉरमॅटच्या खिडकीतला 'क्विक' पर्याय फक्त फायलींची नोंदवही नवी करतो. मजकूर तबकडीवर तसाच राहतो आणि रिकुव्हासारखं फुकट सॉफ्टवेअर तो परत काढतं. डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे छोट्या कप्प्यावर, शून्य लिहिलं गेलं पाहिजे. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने त्यावर विंडोजचा इन्स्टॉलर बनवा. लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते विचारणारा बूट मेन्यू बहुतेक डेल आणि लेनोवोवर एफ१२ ने, एचपीवर एफ९ ने येतो. इन्स्टॉलरची पहिली भाषेची खिडकी आली की शिफ्ट आणि एफ१० दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं). काळी कमांडची खिडकी उघडेल.

तिथे 'डिस्कपार्ट' लिहा, मग 'लिस्ट डिस्क'. चूक होते ती इथेच. यादीत तुमचा पेन ड्राइव्हही दिसतो, आणि बॅकअपची बाहेरची डिस्क लावलेली राहिली असेल तर तीही. ती आधीच काढून ठेवा. आकडा बघून ओळखा: १ टीबीची डिस्क इथे ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५. 'सिलेक्ट डिस्क ०' केल्यावर पुन्हा 'लिस्ट डिस्क' करा. निवडलेल्या डिस्कपुढे तारा दिसतो. तो योग्य ओळीवर असेल तरच 'क्लीन ऑल' द्या. नुसतं 'क्लीन' दिलं तर फक्त पार्टिशनची माहिती जाते आणि दोन सेकंदांत काम झाल्यासारखं वाटतं. 'क्लीन ऑल' प्रगतीची पट्टी दाखवत नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहतो, आणि लोक अडकलं समजून मध्येच बंद करतात. आतल्या १ टीबीच्या डिस्कला साधारण तीन-चार तास धरा. तीच डिस्क काढून यूएसबी २ च्या केबलने जोडली तर आठ-नऊ तास. चार्जर लावलेला ठेवा.

पस्तीस वेळा लिहावं लागतं असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. संगणक सुरक्षेचे संशोधक पीटर गुटमन यांचा तो १९९६ चा लेख तेव्हाच्या डिस्कच्या एन्कोडिंगबद्दल, म्हणजे मजकूर नोंदवायच्या पद्धतीबद्दल होता, आणि आजच्या डिस्कना ते लागत नाही हे त्यांनीच नंतर लिहिलं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिकाही एका फेरीला पुरेसं मानते. पुसल्याची पडताळणी आणि अहवाल हवा असेल तर श्रेडओएस ही डिस्क पुसायची फुकट सिस्टिम पेन ड्राइव्हवर घाला. त्यातलं एनवाइप डिस्कची यादी देतं, स्पेसबारने निवड होते आणि कॅपिटल एस दाबल्यावर काम सुरू होतं. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद करावं लागतं. याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर डीबॅन आता शोधत बसू नका.

एसएसडीवर, म्हणजे चिप्सवर मजकूर ठेवणाऱ्या ड्राइव्हवर, मात्र ही शून्यांची पद्धत वापरू नका. एसएसडीचा कंट्रोलर प्रत्येक लेखन वेगळ्या चिपच्या पेशीत फिरवत राहतो, आणि काही जागा स्वतःकडे राखून ठेवतो. २४० जीबीच्या ड्राइव्हमध्ये बहुधा २५६ जीबीच्या चिप्स असतात. त्या राखीव जागेतल्या जुन्या प्रतींपर्यंत 'क्लीन ऑल' पोहोचतच नाही, वर ड्राइव्हची झीज होते ती वेगळीच. इथे ड्राइव्हच्या फर्मवेअरलाच, म्हणजे तिच्या आतल्या सॉफ्टवेअरला, सांगायचं असतं की सगळं पुसून टाक.

सगळ्यात सोपा रस्ता बायोसमधून जातो. डेलच्या व्यावसायिक लॅपटॉपमध्ये 'डेटा वाइप', एचपीच्या तशाच मॉडेलमध्ये 'सिक्युअर इरेज' हा पर्याय असतो, आसुसच्या बऱ्याच मदरबोर्डवरही तो आहे. नसेल तर ड्राइव्हच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बघा. सॅमसंग मॅजिशियन यासाठी बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवून देतं. तेही नसेल तर लिनक्सचा लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा पेन ड्राइव्ह. एनव्हीएमई (नव्या, जास्त वेगवान जातीच्या) ड्राइव्हसाठी लिनक्सवरच्या एनव्हीएमई-सीएलआयची 'फॉरमॅट' आज्ञा, इरेज सेटिंग १ ठेवून. साटा (जुन्या जोडणीच्या) एसएसडीसाठी लिनक्सवरचंच एचडीपार्म.

एचडीपार्मची गंमत अशी की ड्राइव्हची माहिती मागितली की बरेचदा 'फ्रोझन' दिसतं. बायोस सुरू होतानाच सुरक्षा आज्ञांना कुलूप लावतो. लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून दहा सेकंदांनी जागा केला की बहुधा ते सुटतं. मग तात्पुरता पासवर्ड ठेवून इरेजची आज्ञा द्यायची. पासवर्ड एका अक्षराचा ठेवा आणि कागदावर लिहा: मध्येच वीज गेली तर ड्राइव्ह त्याच पासवर्डने कुलूपबंद राहते आणि लॅपटॉपला ती वापरता येत नाही. तोच पासवर्ड देऊन पुन्हा इरेज केलं की सुटते. हे काम यूएसबीच्या डब्यात ड्राइव्ह घालून करू नका, डब्याची चिप या आज्ञा पुढे पाठवेलच असं नाही. आणि लिनक्सला एनव्हीएमई ड्राइव्ह दिसतच नसेल तर बायोसमधली ड्राइव्ह जोडण्याची सेटिंग 'इंटेल आरएसटी' किंवा 'रेड' वरून 'एएचसीआय' करा.

यातलं काहीच जमणार नसेल तर विंडोजचं 'रिसेट धिस पीसी' वापरा. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून पुढे 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'क्लीन डेटा' चालू करा, नाहीतर तेही वरवरचंच होतं. घरगुती विक्रीला हे चालतं. सरकारी निकषांसाठी नाही, हे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. रिसेटआधी विंडोजच्याच बिटलॉकरने पूर्ण ड्राइव्ह एनक्रिप्ट केली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी केली, तर आणखी चांगलं, कारण मागे उरेल तो किल्लीशिवायचा कचरा. मात्र 'फक्त वापरलेली जागा' हा पर्याय घेऊ नका, आधी डिलीट केलेल्या फायली त्यात उघड्याच राहतात.

पुसण्याआधी बॅकअप उघडून बघा, नुसता कॉपी झाला म्हणून थांबू नका. टॅली असेल तर लायसन्स सरेंडर करा, ब्राउझरमधले पासवर्ड बाहेर काढा, वनड्राइव्हचं सिंक पूर्ण झालंय का बघा.

डिस्क सुरूच होत नसेल तर सॉफ्टवेअरचा प्रश्नच नाही. एचडीडीच्या तबकड्यांना ड्रिलने तीन-चार भोकं पाडा, डोळ्यांना संरक्षक चष्मा घालून, कारण लॅपटॉपच्या डिस्कच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात. एसएसडीत प्रत्येक काळी मेमरी चिप फुटली पाहिजे, एक जरी शाबूत राहिली तर तिच्यातला मजकूर शाबूत. घरातल्या लोहचुंबकाने एचडीडीलाही काही होत नाही.

विकत घेणाऱ्याला चालू विंडोज हवं असेल तर त्याच पेन ड्राइव्हवरून पुन्हा टाका. विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये किल्ली बहुधा मदरबोर्डवरच असते, त्यामुळे तीच आवृत्ती टाकली तर नेट जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. देश निवडायचा पडदा आला की पॉवर बटण दाबून बंद करा. तुमचं खातं त्यात घालूच नका, पुढचं घेणारा भरेल.