गावाभोवती सोसायट्या वाढताहेत, जिल्हा परिषद शाळेला किती खोल्या लागतील हे कसं काढायचं?

एका वर्गात 30 मुलं धरून एकूण पटाला 30 ने भागू नका, इयत्तावार मोजा. पहिली ते पाचवीत प्रत्येकी 36 मुलं असतील तर 180 भागिले 30 म्हणजे 6 खोल्या दिसतात. पण 30 च्या आत तुकड्या पाडल्या की लागतात 10. पुढचा पट काढायला युडायसमधले (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) मागच्या तीन-चार वर्षांचे आकडे घ्या. गेल्या वर्षी पहिलीत 60, यंदा दुसरीत 63, तर गुणोत्तर 1.05, अशा सगळ्या वर्षांच्या गुणोत्तरांची सरासरी लावत पुढच्या इयत्तांकडे सरका. पहिलीचा आकडा अंगणवाडीच्या कुटुंब सर्वेक्षणातून काढा. हजेरीपट नको, त्यात खासगी नर्सरीतली मुलं नसतात. बांधकाम परवानग्याही नकोत, लोक राहायला आलेली घरं मोजा. अडचण मंजुरीची आहे: शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार 121 ते 200 पटाला पाच शिक्षक (150 च्या वर मुख्याध्यापक वेगळा) आणि शिक्षकामागे किमान एक खोली, त्यामुळे 10 खोल्यांचा प्रस्ताव सहज कापला जातो. मग निदान पाया आणि कॉलम तरी वरच्या मजल्याच्या भाराचे करून घ्या. वर सोडलेल्या सळ्यांवर कच्चं (कमी सिमेंटचं, नंतर फोडता येणारं) काँक्रीट चढवा, उघड्या राहिल्या तर पावसाने गंजतात.